शालेय परिचारिका आणि आपल्या मुलांचे आरोग्य

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



मुलांच्या आरोग्याची काळजी घेण्यात शालेय परिचारिकेचे स्थान काय, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी डॉक्टर नाही. भाषा आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. पण वर्षातले दोनशेवर दिवस तुमची मुले माझ्या डोळ्यांसमोर असतात. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा मुलगा मला दिसतो. प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन खाली बसणारी मुलगी मला दिसते. दिसल्यावर नेमके काय करावे, हे मात्र बी. एड.च्या वर्गात फारसे शिकवत नाहीत. ते ज्यांना शिकवलेले असते त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. परिचारिका हा शब्द छापण्यापुरता ठीक. आपण सर्वजण नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतो, तेव्हा मीही तसेच म्हणेन.

आपल्याकडे आज काय सोय आहे ते आधी पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचा आरंभ आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावी, जन्मजात व्यंग, पोषणातील उणीव, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब लवकर ओळखावेत, हा त्याचा हेतू. यासाठी फिरती पथके आहेत. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या कितीतरी मुलांच्या शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत झाल्या आहेत. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला याची किंमत विचारावी.

आता पथक येते त्या दिवशी काय घडते ते सांगतो. मुलांची रांग लागते. वजन, उंची, डोळे, दात, छाती असे सर्व पाहिले जाते. ज्याच्यात काही आढळते त्याला पुढील तपासणीसाठी कार्ड मिळते. ग्रामीण रुग्णालयात जा, सिव्हिलला जा, असे त्यावर लिहिलेले असते. ते कार्ड मुलाच्या दप्तरात जाते, आणि दप्तर ही फार खोल जागा आहे! तीन आठवड्यांनी मी विचारतो, "अम्मीला कार्ड दाखवलंस का?" तो म्हणतो, "दाखवलं." "मग काय म्हणाली?" "अब्बा आल्यावर बघू म्हणाली." अब्बा कुवेतला असतात. ते पुढच्या ईदला येणार.

यात कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पथकाला एका वर्षात कितीतरी शाळा आणि अंगणवाड्या करायच्या असतात. आईची अडचणही मला समजते. सिव्हिलला जायचे म्हणजे केसपेपर काढायला एक दिवस, तपासणीला दुसरा आणि रिपोर्ट घ्यायला तिसरा. रोजावर जाणाऱ्या माणसाचे तीन दिवस बुडतात. शिवाय त्या मोठ्या इमारतीत कोणत्या खिडकीशी उभे राहायचे हेच ठाऊक नसते. पण शेवटी होते काय, तर दोष सापडतो आणि मूल आहे तसेच राहते. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये एक अंतर आहे. ते अंतर मुलाच्या वतीने चालून जाणारे माणूस शाळेत हवे, आणि तेच नर्सबाईचे खरे काम आहे. मलमपट्टी करणे हा त्या कामाचा लहानसा भाग होय.

हे अंतर काही आज आणि आपल्यालाच सापडलेले नाही. १८९२ साली लंडनमध्ये ॲमी ह्यूज नावाची परिचारिका मुलांचे पोषण पाहण्यासाठी शाळेत जाऊ लागली. परंतु मला विशेष बोधप्रद वाटते ती न्यूयॉर्कची हकिगत. त्या शहरात १८९७ पासून शाळांत डॉक्टर नेमून मुलांची तपासणी होत असे. संसर्गजन्य रोग आढळला की मुलाला घरी पाठवायचे, असा नियम होता. डोळ्यांतील खुपऱ्या, खरूज, नायटा, उवा यांपैकी काहीही निघाले की मूल घरी. घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. बहुतेक मुले परदेशांतून पोट भरण्यासाठी आलेल्या गरीब कुटुंबांतली. आईला इंग्रजी येत नाही, चिठ्ठी वाचता येत नाही. मूल दिवसभर रस्त्यावर त्याच शाळासोबत्यांबरोबर खेळे, म्हणजे रोग पसरायचा तो पसरेच. फक्त शिक्षण तेवढे थांबे.

त्या वस्तीत लिलियन वॉल्ड या परिचारिकेने गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी एक संस्था चालवली होती. तिला बारा वर्षांचा एक मुलगा भेटला. तो कधीच शाळा शिकला नव्हता, कारण डोक्याच्या कातडीला रोग होता आणि शाळेत गेला की बाई त्याला घरी जा म्हणत. वॉल्डने मलम दिले, ते कसे लावायचे हे नीट समजावून सांगितले आणि मुलगा बरा होऊन शाळेत गेला. रोग बरा होण्याजोगाच होता. मलम लावून घेणारे कोणी नव्हते म्हणून मुलाची इतकी वर्षे गेली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉल्डने आपली एक परिचारिका, लिना रॉजर्स, महिनाभर प्रयोग म्हणून चार शाळांना दिली. जिथून सर्वांत जास्त मुले घरी पाठवली जात होती अशाच शाळा निवडल्या. लिना रॉजर्स सकाळी शाळेत मुलांचे डोळे धुई, जखमा बांधी, मलम लावी आणि मुलाला परत वर्गात बसवी. शाळेचे काम आटोपले की ज्यांना घरी पाठवले होते त्यांच्या घरी जिने चढून जाई आणि आईला स्वतः करून दाखवी. महिन्याच्या प्रयोगानंतर शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले शाळेतून घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात हा आकडा १,१०१ वर आला. डॉक्टर आधीही होते, औषधही आधी होते. वर्षभरात नवीन आली ती फक्त नर्स.

आपल्या देशातही या विचाराला उशीर झालेला नाही. बडोदे शहरात १९०९ सालीच शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली होती. पुढे १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असे नमूद केले आणि १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्य समिती नेमली गेली. समित्या झाल्या, कार्यक्रमही आले. परंतु आपल्याकडील बहुसंख्य शाळांत रोज हजर असणारी नर्स आजही नाही. काही मोठ्या फीच्या शाळांतून ती असते. जिथे मुलांच्या घरी फॅमिली डॉक्टर आहे तिथे शाळेत नर्स आहे, आणि जिथे घरी कोणीच नाही तिथे शाळेतही नाही, हे मला उलटे वाटते. असो.

आता रोजच्या गोष्टींकडे वळतो. खरजेचेच घ्या. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज. मूल रात्रभर खाजवते आणि दिवसा वर्गात पेंगते. शिक्षक त्याला आळशी म्हणतात. घरी मलमाची एक नळी येते, ज्याला खाज आहे त्या एकालाच लावली जाते, चार दिवस बरे वाटते आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे. कारण तो किडा एव्हाना भावंडांच्या अंगावर गेलेला असतो. नर्सबाई घरी येते तेव्हा तिला दिसते की खोली एक, माणसे सहा आणि गोधड्या तीन. ती सांगते, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावायचे, खाज असो वा नसो, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत. सकाळी आंघोळ, कपडे व चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा एकदा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव असते. सहा माणसांचा हिशेब नर्सबाई घालते.

डोळ्यांविषयी मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण शिक्षक म्हणून माझा रोजचा संबंध त्यांच्याशी येतो. तपासणी सोपी आहे. सहा मीटरवर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर तक्ता लावायचा, एक डोळा तळहाताने न दाबता झाकायचा, मग दुसरा. मूल कधी तक्रार करत नाही, कारण जग असेच धूसर असते अशी त्याची समजूत असते. शाळकरी मुलांना सरकारी योजनेतून चष्मा मोफतही मिळतो. मग अडते कुठे? मुलाच्या बाबतीत अडते निष्काळजीपणावर, आणि मुलीच्या बाबतीत अडते लग्नावर! "बाई, आत्तापासून चष्मा लागला तर पोरीला स्थळ कसं यायचं?" हा प्रश्न आपल्या वस्तीतील आया मला विचारणार नाहीत, नर्सबाईला विचारतात. आणि ती त्यांच्याजवळ खाटेवर बसून उत्तर देते की चष्म्याने नंबर लागत नाही, नंबर आधीच लागलेला असतो. चष्मा न घातल्याने मुलगी अभ्यासात मागे पडते आणि नववीत नापास होऊन घरी बसते. तेव्हा कोणते स्थळ चांगले येणार आहे? हे मी व्यासपीठावरून सांगितले तर भाषण होते. तिने चुलीजवळ सांगितले की चष्मा होतो.

आणखी एक घरगुती गोष्ट. सुरमा घालण्याची आपल्याकडे रीत आहे. एकाच सळईने चारही भावंडांच्या डोळ्यांत सुरमा फिरला की एकाचे डोळे आले असता चौघांचे येतात. बाजारातील काही सुरम्यांत शिसेही आढळते आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. हे सांगायलासुद्धा घरातले वाटणारे माणूस लागते.

मुलींच्या रक्तक्षयाकडे तर आपले लक्षच नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दहावी-अकरावीच्या बाकावर दोन मुली बसल्या असतील तर त्यांतील एकीला ती आहे असे समजूनच चालावे. सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी आणि लहान मुलांना गुलाबी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. जंताच्या गोळ्याही शाळेतून मिळतात. पण निळी गोळी खिशात जाते आणि खिशातून गटारात. उपाशीपोटी घेतली की मळमळते, दुसऱ्या दिवशी शौचास काळे होते, आई घाबरते आणि गोळी बंद. नर्सबाईने आधीच सांगितले असते की काळे होणे म्हणजे लोहाचाच परिणाम, त्यात भिण्याजोगे काही नाही; गोळी जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये, जमल्यास लिंबू किंवा पेरू खावा, तर ती मुलगी गोळी सोडती ना. रमजानच्या महिन्यात मोठ्या मुली रोजे ठेवतात, तेव्हा शाळेत दुपारी गोळी देऊन उपयोग नाही. ती घरी द्यावी आणि इफ्तारनंतर जेवून घ्यायला सांगावे. एवढा साधा बदल करायलाही मुलांना नावानिशी ओळखणारे कोणीतरी हवे.

काही आजार कमी मुलांना होतात, पण ज्याला होतात त्याच्या जिवाशी येतात. एखादा मुलगा तासातून दोनदा लघवीला जातो, सारखे पाणी पितो, वाळत चालला आहे. शिक्षकाला वाटते, हा तास चुकवतो. त्याला लहानपणीचा मधुमेह असू शकतो. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबते, आणि इंजेक्शन रोज घ्यावे लागते. अशा मुलाला वर्गात अचानक घाम सुटला, हात थरथरले, ते असंबद्ध बोलू लागले, तर शुद्धीवर आहे तोवर लगेच साखर द्यायची असते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तात्काळ दवाखाना गाठायचा असतो. त्याच्या रोज्याचा प्रश्न डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावा. आजाऱ्याला सूट आहे हे मौलवीसाहेबही सांगतील. फिट आलेल्या मुलाला आजही चप्पल किंवा कांदा हुंगवतात. तसे करू नये, तोंडात चमचाही घालू नये. कुशीवर वळवावे, आसपासची बाके दूर सारावीत, वेळ बघावी आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर वाहन बोलवावे. चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. कान वाहत असेल तर त्यात तेल सोडू नये. यादी लांबवत नाही.

लसीकरणाबाबत मात्र स्पष्ट बोलायला हवे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून १५ वर्षांखालील मुलांना लस देण्यात आली. त्या दिवसांत मोबाईलवरून काय काय पसरले होते ते आपणा सर्वांना आठवत असेल. लसीने पुढे मुले होत नाहीत, असेही कोणी म्हणत होते. त्यात तथ्य नव्हते. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. त्या वस्त्या कोणाच्या आहेत हे मी वेगळे सांगायला नको. मोबाईलवरील संदेश कोण पाठवतो हे कोणालाच माहीत नसते. पण जिने मागल्या महिन्यात आपल्या मुलाची जखम धुतली तिला आई ओळखते, आणि अशा वेळी ओळखीच्या माणसाचाच शब्द चालतो. म्हणून साथ आल्यावर नर्स शोधून उपयोग होत नाही. ती आधीपासून शाळेत असावी लागते.

शिक्षकांनीच हे काम का करू नये, असे काहीजण विचारतात. २०२० पासून शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यविषयक प्रशिक्षण देण्याची केंद्र सरकारची योजनाही आहे आणि ती चांगली आहे. स्वच्छता, आहार, व्यसन यांवर आम्ही बोलू शकतो. परंतु आठवीतल्या मुलीच्या पोटात दुखते आहे आणि ती बाकावरून उठत नाही, तेव्हा माझ्यासारख्या पुरुष शिक्षकाने काय विचारावे? ती मला सांगणार नाही आणि तिने सांगू नये हेही बरोबरच. महिन्यातून चार दिवस मुली गैरहजर का असतात हे हजेरीपटावरून मला कळते, पण मार्ग मला काढता येत नाही. तो नर्सबाईच काढू शकते.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी एक विनंती ठेवतो. आपल्या प्राथमिक शाळेसाठी आणि हायस्कूलसाठी मिळून एक पात्र नर्स नेमावी. शासन नेमील तेव्हा नेमील. एक खोली, एक खाट, वजनकाटा, नजरेचा तक्ता आणि एक रजिस्टर एवढ्यावर सुरुवात होईल. या रजिस्टरात मुलाचे नाव, तारीख, आढळलेला दोष आणि कोठे पाठवले हे रकाने असतीलच. शेवटी 'पुढे काय झाले' असा एक रकाना जरूर आखावा आणि तो रिकामा राहिला तर संस्थेच्या मासिक बैठकीत विचारावे. त्या पगारात दोन-तीन संगणक येतील, असे मला एका सभासदांनी आपुलकीने सांगितले. येतील. पण ज्या मुलाला पडद्यावरचे दिसत नाही त्याला संगणकाचा काय उपयोग?

आणि ही नर्स आपल्यातलीच एखादी मुलगी का होऊ नये? बारावीनंतर दोन वर्षांचा ए. एन. एम. किंवा तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम करता येतो. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. मुलीला नर्सिंगला घालायचे म्हटले की रात्रपाळीचा आणि लोक काय म्हणतील याचा प्रश्न निघतो. शाळेतील नर्सला रात्रपाळी नाही. आणि मदिनेत खंदकाच्या लढाईच्या वेळी जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव आदराने घेणाऱ्या समाजाने या कामाला हलके का मानावे, हे मला कळत नाही. बारावीला बसलेल्या मुलींनी आपल्या अब्बांशी या विषयावर बोलावे. अब्बांना अडचण वाटली तर त्यांनी माझ्याशी बोलावे.

शेवटी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. यंदाचे तपासणी पथक कोणत्या दिवशी येणार हे मुख्याध्यापक चिठ्ठीने कळवतील. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. लसीकरणाचे कार्ड आणि आधीच्या आजाराचे कागद असतील तर पिशवीत घालून पाठवा. मुलाला चष्मा असेल तर तो घालूनच पाठवा. पुढील तपासणीचे कार्ड मिळाले तर ते आठ दिवसांत, सही करून किंवा अंगठा उठवून, माझ्याकडे आणून द्या. मी त्याची नोंद ठेवीन. ज्या आयांना सिव्हिलला एकटीने जाणे अवघड वाटते त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात नाव द्यावे. चार-पाच जणींना मिळून एकाच दिवशी जाता येईल, आणि केसपेपरच्या खिडकीशी उभे राहायला आमच्यापैकी एक शिक्षिका सोबत येईल.